हिरा घ्यायचाय, पण बघायचं काय?

तुळशीची लग्नं लागली की आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, पाय ठेवायला जागा नसते. या सदराकडे येणारी पत्रंही तेव्हाच वाढतात, आणि या खेपेला जवळजवळ सगळी हिऱ्यांवरची आहेत. सोनं इतकं चढलंय की माणसं म्हणतात, वजन थोडं कमी करू पण एक खडा घालू. घाला की. पेढीवर डोळ्याला भिंग लावून बसणं हेच माझं काम, त्यामुळे खड्यात काय दिसतं ते सांगते. भाव मात्र विचारू नका, अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत तो बदललेला असतो.

ताई, थोरल्या मुलाचं लग्न ठरलंय. साखरपुड्यात सुनेला हिऱ्याची अंगठी घालायची आहे. सगळं मिळून दीड लाख काढून ठेवलेत. राजारामपुरीत एके ठिकाणी एक कॅरटची अंगठी एवढ्यात बसवून देतो म्हणाले. गुजरीत तेवढ्याच पैशांत अर्ध्या कॅरटच्या आतली दाखवली. तिसऱ्या दुकानात ‘घ्यायचा तर ई-एफ व्हीव्हीएसच घ्या’ म्हणून सांगितलं. डोकं चालेना झालंय. नेमकं काय बघून घ्यावं? — एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

सर, आधी त्या एक कॅरटच्या अंगठीतले खडे मोजून या. बहुतेक एकापेक्षा जास्त निघतील. ‘प्रेशर सेटिंग’ म्हणून एक प्रकार आहे. मधे एक आणि भोवती बारके खडे इतके दाटून बसवतात की हातभर अंतरावरून एकच मोठा हिरा वाटतो. सगळ्यांचं वजन मिळून एक कॅरट भरतं, तेव्हा दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही. पण बारके बारके खडे जमवून केलेला कॅरट आणि एकाच खड्याचा कॅरट यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मोठा खडा खाणीत क्वचित सापडतो, म्हणून खडा मोठा होईल तसा नुसता एकूण भाव वाढत नाही, कॅरटमागचा दरच चढतो. आणि समजा खडा खरंच एक निघाला, तर तो प्रयोगशाळेत वाढवलेला असणार. त्याचं पुढच्या पत्रात.

कॅरट हे वजन. २०० मिलिग्रॅमचा एक कॅरट, त्याचे शंभर सेंट. दर कुठे उडी मारतो तेवढं ध्यानात ठेवा: ३० सेंट, ५०, ७० आणि मग पुरा एक कॅरट. लोक गोल आकडा मागतात, म्हणून तो महाग. ४८ सेंटचा आणि ५० सेंटचा गोल खडा शेजारी ठेवले, तर रुंदीतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकाही नसतो. सुनेला तो दिसणार नाही, विहीणबाईंनाही नाही. दुकानात ‘अर्ध्या कॅरटच्या किंचित आतला दाखवा’ म्हणा, समोरचा माणूस सरसावून बसेल.

आता ई-एफ व्हीव्हीएस. रंगाची मोजपट्टी डी पासून झेडपर्यंत. डी म्हणजे पाण्यासारखा बिनरंगी, आणि पुढे पुढे पिवळसर झाक वाढत जाते. डी, ई, एफ यांच्यातला फरक पांढऱ्या कागदावर खडा पालथा ठेवून, शेजारी नमुन्याचे खडे मांडून ओळखावा लागतो. बोटात गेल्यावर तो कुणाच्या बापाला कळत नाही. तुम्ही अंगठी पिवळ्या सोन्यात करणार ना? मग एफ रंगाचे पैसे कशाला भरता? सोन्याची पिवळी झाक खड्यात उतरतेच. जी किंवा एच घ्या, आय सुद्धा चालेल. प्लॅटिनम किंवा पांढरं सोनं असतं तर आय नको, जी-एचच घ्या म्हटलं असतं.

व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय ही शुद्धतेची पायरी. हिऱ्याच्या पोटात बारीक ठिपके, पिसासारख्या चिरा, ढगाळ पुंजके असतात. ते दहापट भिंगातून कितपत दिसतात यावर ही प्रत ठरते. व्हीव्हीएस मधला दोष शोधताना भिंग लावूनही मला खडा दहा बाजूंनी फिरवावा लागतो. नुसत्या डोळ्यांना व्हीव्हीएस आणि व्हीएस दोन्ही सारखेच स्वच्छ. एसआय मधेही पुष्कळदा दोष कडेला असतो आणि खडा धरणाऱ्या सोन्याच्या नखाखाली झाकून जातो, असा मिळाला तर सोडू नका. पण वरच्या सपाट भागाच्या ऐन मध्यात काळा ठिपका असेल, तर प्रत काहीही लिहिलेली असो, उठून या. एक सांगून ठेवते: ‘आय’ हे अक्षर रंगातही येतं आणि शुद्धतेतही. रंगातला आय ठीकठाक, शुद्धतेतला आय म्हणजे डोळ्यांना दोष दिसणारा माल. पावतीवर कुठला आय कुठे लिहिलाय ते बोट ठेवून विचारा.

मग पैसे घालायचे कशावर? कटवर. हे कुणी सांगत नाही, कारण कट चांगला करायचा तर वजन घालवावं लागतं, आणि विकलं जातं ते वजन. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर यावा, यासाठी सगळे कोन असतात. खडा उथळ कापला तर उजेड खालून गळतो, फार खोल ठेवला तर मध्यभाग काळवंडतो. शिवाय पोटात वजन राहिल्याने तो वरून लहान दिसतो. सर्टिफिकेटवर खोली रुंदीच्या टक्क्यांत लिहिलेली असते. गोल खड्याला ती ५९ ते ६२.५ च्या दरम्यान असावी, आणि कटपुढे ‘एक्सलंट’ असावं. नाहीच जमलं तर ‘व्हेरी गुड’. त्याखाली उतरू नका, त्यापेक्षा पाच सेंट कमी घ्या.

आणि बघायचा कुठे? काउंटरवर मुळीच नाही. त्या वरच्या फोकसखाली काचेचा तुकडाही ठिणग्या उडवतो. अंगठी हातात घ्या आणि दाराशी या. गुजरीची गल्ली अरुंद, ऊन थेट येत नाही, मऊ उजेड मिळतो. खडे बघायला असाच उजेड लागतो. दुसऱ्या हाताची सावली खड्यावर धरा आणि अंगठी सावकाश डावी-उजवी कलती करा. चांगल्या खड्यात पांढरे आणि काळे तुकडे सगळीकडे सारखे विखुरलेले दिसतात, आणि हात हलला की त्यांची जागा बदलते. वाईट खड्यात मधला गोल तसाच मेलेला राहतो, नाहीतर आरपार बोटाची कातडी दिसते. दोन खडे असे शेजारी धरून बघितलेत की तिसऱ्याला माझी गरज लागणार नाही. दाराशी नेऊ देत नसतील तर दुकान बदला.

सर्टिफिकेट सुट्या खड्याचं घ्या. जीआयए ही अमेरिकेतली संस्था १९३१ सालची, रंगाची डी ते झेड पट्टी त्यांचीच. आयजीआय १९७५ मध्ये अँटवर्पला सुरू झाली, आपल्याकडे बहुतेक दागिन्यांबरोबर तिचा कागद येतो. खड्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, लेझरने नंबर कोरलेला असतो. दुकानातलं भिंग मागून तो स्वतः वाचा आणि कागदावरच्या नंबराशी ताडा. मोबाइलवर संस्थेच्या वेबसाइटवर तोच नंबर घातला की सगळा तपशील येतो. सर्टिफिकेटवर ‘फ्लुरोसन्स’ असा एक रकाना असतो. काही हिरे अतिनील उजेडात निळे चमकतात. ‘स्ट्राँग’ लिहिलं असेल तर खडा उन्हात दुधाळ दिसत नाही ना, एवढं बघा. नसेल दिसत तर बिनधास्त घ्या, थोडा स्वस्तही पडेल. वरातीत डॉल्बीपुढच्या जांभळ्या दिव्यांत सुनेची अंगठी निळी पेटली, तर घाबरू नका म्हणजे झालं.

पावतीचं शेवटी. अंगठी १८ कॅरट सोन्यात करा (हा कॅरट सोन्याच्या शुद्धतेचा, वजनाचा नव्हे), २२ कॅरट मऊ पडतं आणि खडा धरणारी नखं वाकतात. हॉलमार्कबरोबर एचयूआयडी नावाचा सहा अक्षरी ओळख क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. पण हॉलमार्क सोन्याचा आहे, खड्याबद्दल तो चकार शब्द बोलत नाही. वजन दोन प्रकारे लिहून घ्या. अंगठी एकूण ४.२०० ग्रॅम भरली आणि खडा ५० सेंटचा असेल, तर खड्याचं वजन ०.१०० ग्रॅम झालं. सोन्याचे पैसे ४.१०० ग्रॅमचेच द्यायचे. एका खड्याला हे चिल्लर वाटतं, पण खड्यांनी भरलेल्या हारात बरीच रक्कम होते. सोनं, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी आधी दीड लाखांतून वजा करा, आणि उरलेल्यात खडा शोधा.

ताई, मी पुण्यात आयटीत आहे, माहेर इचलकरंजी. आम्ही दोघांनी लॅबमधला हिरा घ्यायचं ठरवलंय. मोठा मिळतो आणि परवडतो. आई म्हणते, माझ्या लेकीला खोटा हिरा घालायचा नाही. समजवा तिला. — एक वाचक

आईंना सांग, खोटा नाही. अमेरिकन डायमंड म्हणतात ते झिरकोनिया वेगळं, तो हिराच नव्हे. लॅबचा हिरा कार्बनचाच, तेवढाच कठीण, तसाच चमकणारा. तो दोन तऱ्हेने करतात. एकात प्रचंड दाब आणि उष्णता देतात. ही रीत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये साधली. दुसऱ्यात मिथेनसारख्या वायूतला कार्बन बंद भांड्यात हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरांनी चढवतात, त्याला सीव्हीडी म्हणतात. सुरतेला आता दोन्ही प्रकार चालतात. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरटचा हिरा लॅबचाच होता.

दुकानातल्या पेन टेस्टरला, म्हणजे हिरा तपासायच्या पेनासारख्या यंत्राला, खाणीचा आणि लॅबचा दोन्ही हिरेच वाटतात, आणि भिंगातूनही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. म्हणून कागद आणि पावती दोन्हींवर ‘लॅब ग्रोन’ हे शब्द स्वच्छ लिहून घे. तू लॅबचा म्हणून घेतेस तेव्हा फसवणूक होत नाही, खाणीचा म्हणून लॅबचा गळ्यात मारतात तिथे होते.

आता तुझ्या आईच्या बाजूने. त्यांनी आयुष्यभर सोनं घेतलंय. ते अडीअडचणीला मोडता येतं, बँकेत ठेवता येतं. लॅबच्या खड्याला तो आधार नाही. माल हवा तेवढा काढता येतो, त्यामुळे भाव गेल्या काही वर्षांत घसरतच गेलेत, आणि परत घेणारे कमी. जीआयएने तर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना खाणीच्या हिऱ्यांसारखी रंग-शुद्धतेची बारीक प्रत देणंच बंद केलं, आता नुसतं ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’. अर्थात खाणीचा हिराही सोन्यासारखा मोडता येत नाही, हे गुजरीत कुणी तोंडावर सांगणार नाही. घेतलेला भाव आणि विकायचा भाव यांत मोठी दरी असते, आणि त्याच दुकानाने लिहून दिलं असेल तरच बरे पैसे येतात. आईंना साठवण हवी असेल तर त्यांनी तुला एक ठुशी करावी. बोटातला खडा तुझ्या हौसेचा, तो लॅबचा घेतलास तर मला काही वावगं वाटत नाही. फक्त स्वस्त मिळतो म्हणून तीन कॅरटचा घेऊ नकोस. कीबोर्डवर दिवस काढणाऱ्या बोटात तो आडवा होतो, आणि ओढणीचा प्रत्येक धागा त्यात अडकतो.

सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, एकेकीत सात खडे. मागून बंद आहेत. सराफ म्हणतात, खडे जुन्या कटचे आणि पिवळे आहेत, ते काढून नव्या कटचे बसवू, जुने आम्ही घेतो. देऊ का? — एक वाचक, शिरोळ

देऊ नका. निदान आज तरी नाही.

बंद कोंदणातल्या खड्याचा रंग ठामपणे सांगताच येत नाही, मी सांगत नाही आणि कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. मागे चकचकीत वर्ख घातलेला असतो. तो काळा पडला, आत तेल आणि धूळ गेली, की पांढरा खडाही पिवळट दिसतो. वजनही अंदाजाचं. प्रयोगशाळा संपूर्ण प्रत देते तीही सुट्या खड्यालाच. म्हणजे ज्याला हे खडे विकत घ्यायचेत तोच ते वाईट आहेत म्हणतोय, आणि तपासायला काही साधन नाही.

असं करा. कुड्यांचे पुढून-मागून जवळून फोटो काढा. दागिना वजन करून, खडे मोजून, तसं लिहून घेऊनच सोनाराच्या हातात द्या. कोंदण तुमच्यासमोर उघडायला लावा. हिऱ्यावर हातोडी जपून चालवायला सांगा, कारण जुन्या खड्यांच्या कडा पातळ असतात आणि चटकन टवका उडतो. चौदा खडे बाहेर आले की कोमट पाण्यात धुऊन पांढऱ्या कागदावर मांडा. माझा अंदाज, निम्मे तरी तुम्ही समजत होता त्याहून पांढरे निघतील. मग कॅरटवर वजन करा आणि काय करायचं ते घरी जाऊन ठरवा.

जुना कट म्हणजे वाईट कट, हे मला पटत नाही. हे खडे दिव्याच्या, समईच्या उजेडासाठी कापलेले. पैलू मोठे, म्हणून ठिणग्या कमी पण ठसठशीत. आज परदेशात असे खडे मुद्दाम शोधून घेणारे आहेत. नव्याने कापायचं कुणी सुचवलं, तर किती वजन जाणार ते आधी विचारा. त्र्यंबकेश्वरचा नासक हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला. तिकडे तो आधी लंडनला कापला आणि १९४० मध्ये अमेरिकेत पुन्हा. मूळचा नव्वद कॅरटच्या आसपासचा हिरा आज ४३.३८ कॅरटचा आहे. तुमच्या कुडीतल्या खड्यांना एवढं ऐश्वर्य नाही, त्यांना आहे तेवढं वजन राहू द्या. मागून उघडं कोंदण करून तेच खडे बसवलेत, तरी कुड्या नव्या दिसतील.

खरा हिरा घरी कसा ओळखायचा? वर्तमानपत्रावर ठेवून, फुंकर मारून, काच कापून, घण मारून असे उपाय ऐकलेत. — एक वाचक, कागल

घण मारू नका हो! ऐरणीवर ठेवलेला हिरा फुटत नाही, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. हिरा ओरखड्याला दाद देत नाही हे खरं, पण त्याच्या स्फटिकाला चार दिशांनी फुटायची सवय आहे. त्या दिशेने घाव बसला की सरळ दोन तुकडे. हिरे कापणाऱ्यांनी शतकानुशतकं याच गुणाचा उपयोग केला.

काच गारेच्या खड्यानेही कापते. श्वासाची वाफ हिऱ्यावरून झटकन उडते, कारण तो उष्णता पटकन वाहून नेतो, पण हे ताडायला नजर सरावलेली लागते. सुट्या गोल खड्यातून छापील अक्षर वाचता आलं तर तो बहुधा हिरा नाही, मात्र बसवलेल्या खड्याला हे लागू नाही. झिरकोनिया वजनाला कळतं. त्याच मापाच्या हिऱ्यापेक्षा तो दीडपटीहून जड असतो, आणि घरच्या वजनकाट्यावर ते दिसत नाही. सगळ्यात लबाड मोयसनाइट, हिऱ्यासारखा दिसणारा पण हिरा नसलेला खडा. साध्या पेन टेस्टरवर तो हिरा म्हणूनच पास होतो. भिंगातून तिरका धरून बघितला की खालच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, तिथे पकडला जातो. घरी एवढं करत बसण्यापेक्षा एखाद्या पेढीवर दाखवून आणा, दोन मिनिटांचं काम आहे.

तूळ राशीला हिरा सोसतो का? किती रत्तीचा घालावा? — एक वाचक, जयसिंगपूर

रास बघणारे वेगळे, खडा बघणारी मी. एवढंच सांगते की ‘शुक्रासाठी खास’ म्हणून दुकानातला सगळ्यात खराब माल खपवतात. ग्रहासाठी घ्या नाहीतर हौसेसाठी, वरच्या सगळ्या गोष्टी बघूनच घ्या.

मंगळसूत्राच्या पदकातला हिरा दोन वर्षांत मंद पडला. खोटा निघाला असेल का? — एक वाचक, कसबा बावडा

खोटा नसणार, तेलकट झाला असणार. हिऱ्याला स्निग्ध पदार्थ फार चिकटतो. खाणीत मातीतून हिरे वेगळे काढायलाही चरबी लावलेल्या पाट्यांवरून पाणी सोडायचे, हिरे तिथे चिकटून राहायचे. तुमच्या पदकाला फोडणीचा तेलकट धूर, मलम, खोबरेल सगळं लागतं, आणि खालच्या पैलूंवर थर बसला की उजेड परत येत नाही. वाटीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, पंधरा मिनिटं भिजत ठेवा आणि लहान मुलाच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा. ब्लीच किंवा टूथपेस्ट नको, सोनं खराब होतं. काळे मणी दोऱ्यात ओवलेले असतील तर फक्त पदक बुडवा. धुताना बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, आणि पुसून झाल्यावर पदक कानाशी धरून हलवा. टिकटिक ऐकू आली तर खडा नखात सैल झालाय, तो घट्ट करून घेतल्याशिवाय गळ्यात घालू नका.